आई-बाबांचा विमा आणि आपलं आयकार्ड

आपण सॉफ्टवेअरवाले बॅकअप या विषयावर न थकता तासभर बोलू शकतो. एक सर्व्हर पडला तर दुसरा तयार हवा, एक लिंक गेली तर दुसरी हवी... आणि सगळा मांडव एकाच खांबावर उभा असेल तर त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून डिझाइन करणाऱ्याची यथेच्छ खेचतो :) पण आपल्या घरचं डिझाइन कधी तपासलंय? गावी आई-बाबा, त्यांच्या आजारपणासाठी आपल्या कंपनीचा मेडिक्लेम, आणि तो मेडिक्लेम आपल्या गळ्यातल्या आयकार्डाला टांगलेला. आयकार्ड जमा केलं की मांडव खाली!

आमच्या सावेडीत हे डिझाइन घरोघरी दिसतं. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी... कुठल्याही गल्लीत शिरा. मुलगा हिंजवडीला, मुलगी बंगलोरला नाहीतर थेट अमेरिकेत, आणि घरात निवृत्त आई-बाबा. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांना गर्दी असते ती आमचीच. शेजारच्या काकांना विम्याचं विचारलं की ते ऐटीत सांगतात, "अरे, आमच्या पोराच्या कंपनीचा आहे की! काय काळजी नाही."

मला काळजी वाटते. माझं मत सरळ आहे : आई-बाबांचं संरक्षण आपल्या नोकरीवर अवलंबून ठेवू नये, आणि कॅन्सरसारख्या आजाराच्या बाबतीत तर अजिबातच नाही. का, ते सांगतो.

अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणजे चार दिवस दवाखाना, एक बिल, एक क्लेम, विषय संपला. कॅन्सरचं तसं नसतं. आधी तपासण्यांची रांग : बायॉप्सी, स्कॅन, पुन्हा स्कॅन. मग ऑपरेशन. मग केमो, साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा. रेडिएशन असेल तर आठवड्यातले पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे. काही इंजेक्शनं वर्षभर चालतात, काही गोळ्या त्याहून जास्त. म्हणजे हा खर्च महिनोन् महिने चालणारा आहे, आणि त्यातला बराचसा अॅडमिट नसताना होतो. नगर ते पुणे सव्वाशे किलोमीटर, शंभर खेपा. सोबत जाणाऱ्याची बुडालेली रजा. मुंबईत राहायची सोय. यातलं काहीच मेडिक्लेमच्या फॉर्मवर बसत नाही.

आता या लांबलचक आजारासमोर कंपनीची पॉलिसी ठेवून बघा. ती एक-एक वर्षाची असते. पुढच्या वर्षी एचआरने विमा कंपनी बदलली, आई-बाबांसाठी को-पे वाढवला किंवा पालकांना वगळलंच, तर आपण फक्त ईमेल वाचायचा. आणि नोकरी गेली तर? २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं. 'टीसीएसमधून कुणाला काढत नाहीत' असं आमच्या इथे लग्नाच्या बैठकीत सांगायचे! केमोचं तिसरं सायकल चालू असताना असा ईमेल आला, तर पगार आणि विमा दोन्ही एकाच दिवशी जातात. आणि निदान झालेल्या माणसाला नवीन वैयक्तिक पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय आहे, आणि आधीच भरलेला वेटिंग पीरियड त्यात धरला जातो. पण त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आधी हालचाल करावी लागते. राजीनामा देऊन दुसरीकडे जाणार असाल तर नव्या कंपनीची पॉलिसी पालकांना पहिल्या दिवसापासून, जुन्या आजारासकट घेते का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी विचारा. जॉइनिंग बोनसपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मग करायचं काय? आई-बाबा धडधाकट असताना त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढायची. आपल्यासोबत एका फ्लोटरमध्ये कोंबायची नाही, कारण तिथे प्रीमियम सगळ्यात वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. "आता या वयात कोण देणार?" असं बाबा म्हणतील. त्यांना सांगा, नियम बदललेत. २०२४ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विमा घेण्यासाठी ६५ वर्षांच्या कमाल वयाची जुनी चौकट काढून टाकली. आधीपासूनच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे.

तरीही ज्येष्ठांचा प्रीमियम जड जातो, हे खरंच आहे. तो झेपत नसेल तर सुपर टॉप-अप बघा. वर्षभरातला खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला, समजा पाच लाखांच्या, की तिथून पुढचं ही पॉलिसी देते. खालचे पाच लाख कंपनीच्या विम्यातून आले काय किंवा आपल्या खिशातून गेले काय, तिला फरक पडत नाही. म्हणून ती मूळ पॉलिसीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि नोकरीला टांगलेली नसते.

फॉर्म भरताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन सगळं लिहा. एजंट म्हणेल, "लिहू नका साहेब, उगाच प्रीमियम वाढतो." प्रीमियम त्याचा वाढत नाही आणि क्लेमही त्याचा नाकारला जात नाही.

अजून एक खाच म्हणजे खोलीचं भाडं. पॉलिसीत रोजची मर्यादा ५ हजार आणि आपण घेतली ८ हजारांची खोली, तर वरचे तीन हजार आपले, एवढंच लोक धरून चालतात. खोलीनुसार दर बदलणाऱ्या हॉस्पिटलात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. म्हणजे असे २ लाख झाले तर मंजूर होतात १ लाख २५ हजार. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, पण ७५ हजारांचा फटका बसतोच. म्हणून पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या. आणि तोंडावाटे केमो, इम्युनोथेरपी यांवर वेगळी कमाल रक्कम आहे का, तेही वाचा. ब्रोशरमध्ये हे बारीक अक्षरात असतं.

क्रिटिकल इलनेस पॉलिसीचा प्रकार वेगळा. तिथे बिलं द्यायची नसतात, निदान झालं की ठरलेली रक्कम एकरकमी मिळते. खेपा, भाडं, बुडालेला पगार यांना तीच उपयोगी पडते. तिशीच्या आत असताना ती आपल्या स्वतःसाठी घेऊन ठेवण्यासारखी आहे. फक्त लक्षात ठेवा, सुरुवातीचे साधारण ९० दिवस ती लागू होत नाही, आणि अगदी प्राथमिक, जागेवरच असलेला कॅन्सर तिच्या प्रमाणित व्याख्येत बसत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा प्रीमियम भरण्यापेक्षा एसआयपी केलेली काय वाईट? हिशोब चुकीचा नाही, फक्त त्याला वेळ लागतो. दहा वर्षांनी जमणारा फंड दुसऱ्या वर्षी आलेल्या आजाराला काय कामाचा? एसआयपी जरूर करा, विमा न पोचणाऱ्या खर्चासाठी.

आता ज्यावर आपला वर्ग नाक मुरडतो ती गोष्ट : सरकारी योजना. "ते गरिबांसाठी असतं" हे वाक्य मी सावेडीत किती वेळा ऐकलंय, मोजदाद नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती आपल्या नगरसकट उरलेल्या जिल्ह्यांत आली, आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची होती. १ जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही ती लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांचं संरक्षण आहे. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन तिच्या पॅकेजेसमध्ये येतात. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड काढता येतं. म्हणजे तुमचे पेन्शनर आजोबासुद्धा बसतात!

अडचणी आहेत. हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, आणि नेमका तो उपचार तिथे योजनेतून मिळावा लागतो. म्हणून अॅडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जायचं, नाहीतर १५५३८८ वर फोन करायचा. आणि रेशनकार्ड! आपल्यातल्या किती जणांना ते कुठे ठेवलंय हे माहीत आहे? आईचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं, ही तर घरोघरची गोष्ट. हे आजार नसताना दुरुस्त करायचं काम आहे, निदान झाल्यावर तहसीलच्या खेपा घालण्याचं नाही.

योजनेच्या पलीकडेही दारं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. पुण्यातली कित्येक चकचकीत हॉस्पिटलं धर्मादाय नोंदणीचीच आहेत. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे आणि तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत. डॉक्टर तेच, खर्चात मोठा फरक. तिथल्या समाजसेवकांना भेटायला लाजू नका, मदतीच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. पण ज्याला ही दारं माहीत नसतात तो पहिल्याच आठवड्यात केडगावचा प्लॉट विकायला काढतो. घाईत विकलेल्या प्लॉटला भाव येत नाही, हे नगरकरांना मी काय सांगणार!

क्लेम नाकारला गेला तरी तिथेच थांबू नका. कारण लेखी मागा, विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. नगरसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात.

मान्य, हे सगळं आपण करायचं म्हणजे सरकार आणि कंपन्या सुटल्या असं होतं. तसं नको. जिल्ह्याच्या ठिकाणी कॅन्सरचे पूर्ण उपचार मिळायला हवेत, आणि कपात झालेल्या माणसाच्या आई-बाबांचा चालू उपचार संपेपर्यंत तरी कंपनीने विमा चालू ठेवावा, ही मागणी रास्तच आहे. ती करत राहू. पण तोवर आपल्या घरचा मांडव एका खांबावर ठेवून चालणार नाही.

शेवटी पैशापेक्षा मोठी गोष्ट. आपल्या आई-बाबांची पिढी दुखणं लपवते. काखेत गाठ लागते, तोंडातली जखम महिनाभर भरत नाही, आणि ते गप्प राहतात. त्यांना आजाराची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती असते 'पोरावर बोजा पडेल' याची. त्या गप्प बसण्यात जे महिने जातात, ते कुठलीच पॉलिसी परत देत नाही. म्हणून पॉलिसी काढली एवढंच करू नका, ती त्यांना समजावून सांगा. "बाबा, खर्चाची सोय आहे, तुम्ही फक्त वेळेवर सांगा," हे वाक्य त्यांना आपल्या तोंडून ऐकू येऊ द्या.

तर पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एक वही काढा. पॉलिसी नंबर, कार्ड कुठल्या कपाटात, कुणाला फोन करायचा, हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा आणि आईच्या हातात द्या. पासवर्ड घातलेली एक्सेल शीट नको, तिला ती उघडायची नाही!