एअर फ्रायरमधलं पोर्क आणि वस्तीवरचं डुकराचं मटण

पोस्ट मोठी आहे आणि विषय काहींना नावडता आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण जे हे मटण खात नाहीत त्यांचाही यात संबंध आहे.

आपल्याकडं एअर फ्रायर आता नवलाईचा राहिला नाही. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा, कुठंही दुकानात मांडलेला दिसतो. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं दिवाळीला घरी घेऊन येतात. त्यात करायचं काय म्हणून मोबाईल उघडला की 'ज्यूसी पोर्क चॉप्स' समोर येतात. जाड काप, वरून तांबूस, सुरी लावली की रस. खाली लाईकचा पाऊस. तेच मटण गावाच्या कडेला वस्तीवर तीन दगडांच्या चुलीवर शिजलं की आपण नाक मुरडतो. इंग्रजीत पोर्क, मराठीत शिवी.

मला राग या दुटप्पीपणाचा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की रसाळ चॉप ताटात यायला यंत्रापेक्षा गावाची व्यवस्था जास्त लागते, आणि तिकडं आपलं कुणाचंच लक्ष नाही.

आधी स्वयंपाकाचं बोलू. मी खातो आणि स्वतः करतो, म्हणून सांगतो. चाप हाडासकट आणि इंचभर जाड घ्यायची. पातळ काप दहा मिनिटांत चामडं होतो. लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम मीठ आणि चमचाभर गूळ विरघळवून त्यात चापा दोन तास फ्रिजमध्ये ठेवायच्या. मीठ आत मुरतं आणि मटण पाणी धरून ठेवतं. रसाचं अर्धं गुपित एवढंच. मग फडक्यानं कोरड्या करायच्या, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. वरून धने, मिरी, तिखट, हळद आणि तेलाचा हात. ठेचलेला लसूण आधी लावून ठेवा, पण भाजताना वरचे तुकडे झटकून टाका. आपला काळा मसाला मात्र शेवटी भुरभुरायचा. त्यात भाजलेलं खोबरं असतं, 200 अंशाच्या वाऱ्यात ते करपून कडू होतं. एअर फ्रायर म्हणजे वर तापलेली कॉइल आणि तिची हवा खाली फिरवणारा पंखा, दुसरं काही नाही. म्हणून चापा एकावर एक रचायच्या नाहीत, हवेला वाट ठेवायची. 200 अंशावर 12 ते 14 मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. काढल्यावर पाच मिनिटं तशाच राहू द्यायच्या.

आता खरी अडचण. ही मिनिटं 230 व्होल्टची आहेत. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज किती असतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. 1500 वॉटचं यंत्र 180 व्होल्टवर जेमतेम 900 वॉटचं काम करतं. पुस्तिकेतले आकडे तिथंच खोटे ठरतात. वरून रंग आलेला, आत कच्चं. कोंबडीच्या बाबतीतही हा धोका आहेच, पण डुकराच्या मटणात तो वेगळा आहे. म्हणून टोचायचा थर्मामीटर घ्या. हाडापासून लांब, मधोमध टोचा आणि 71 अंश दिसल्याशिवाय खाऊ नका.

परदेशी व्हिडिओ 63 अंश सांगतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 साली पोर्कच्या अखंड कापांसाठीचा आकडा 71 वरून 63 अंश केला, वर तीन मिनिटं ठेवून द्यायची अट घातली. ते त्यांना परवडतं, कारण तिथलं डुक्कर बंद शेडमध्ये ठरलेलं खाद्य खाऊन वाढतं आणि कत्तलखान्यात तपासणी होऊन बाजारात येतं. त्या चॉपमधला गुलाबी रस त्या तपासणीवर उभा आहे. आपण रीलमधला आकडा उचलतो, मागची व्यवस्था कोण उचलणार? आपल्या वस्त्यांवर हे मटण तास-दीड तास रटरटत शिजवतात. त्यात अडाणीपणा नाही, अनुभवानं आलेलं शहाणपण आहे.

आता जे खात नाहीत त्यांनी लक्ष द्या. डुकराच्या मटणातून माणसाला जो पट्टकृमी होतो त्याचं चक्र असं आहे. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. मोकाट डुक्कर ती खातं, त्याच्या मांसात बारीक गाठी होतात. ते मटण कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

माहीत नसतं ते पुढचं. मेंदूत गाठ होऊन फिट येतात, तो आजार मटणातून होत नाही. तो होतो जंताची अंडी पोटात गेल्यानं. आणि अंडी येतात माणसाच्या शौचातून, न धुतलेल्या हातानं, घाण पाण्यानं, कच्च्या भाजीवरून. म्हणजे आयुष्यात कधी मटणाला न शिवलेल्या माळकऱ्यालाही तो होऊ शकतो आणि होतो. हा जंत जिथं पसरलेला आहे अशा अनेक भागांत फिट येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांचा संबंध त्याच्याशी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला भाग कोथिंबीर, मेथी, टोमॅटो पिकवणारा. आणि आपल्याकडं अजून फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, बाहेरची बाधा म्हणतात. बाबांनो, डॉक्टरकडं न्या. यावर औषधं आहेत.

तेव्हा 'आम्ही खात नाही, आम्हाला काय' हे म्हणणं टिकत नाही. विटाळ मानून हा आजार कुणाच्या दारावरून मागं फिरत नाही. तो थांबतो संडासानं, साबणानं, बंदिस्त डुकरांनी आणि तपासलेल्या मटणानं.

ज्याला वर्ज्य आहे त्याला खुशाल वर्ज्य असू द्या. मुसलमान बांधवांना धर्मानं वर्ज्य आहे, वारकऱ्याला माळेनं, कुणाला नुसतं आवडत नाही. पूर्ण अधिकार आहे. पण न खाणं वेगळं आणि खाणाऱ्याला हलकं लेखणं वेगळं. आपल्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ भागातले डबेवाले शंभरहून जास्त वर्षं मुंबईत दुसऱ्याचे डबे पोचवतात. डब्यात काय आहे हे कधी त्यांनी उघडून पाहिलं नाही. तेवढी रीत गावात पाळायला काय हरकत आहे?

वडार, कैकाडी समाजातल्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या डुकरं पाळली. आजारपण, लग्न, शाळेची फी, अडचणीच्या वेळी हीच त्यांची बँक. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजाचं खाणं मांडलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की ताटालाही जात चिकटवलेली असते. आज हेच मटण शहरात व्हॅक्यूम पाकिटात महाग विकलं जातं, आणि पाळणाऱ्याला मात्र ते मागच्या रस्त्यानं, आवाज न करता विकावं लागतं. चोरून विकलेल्या मालाची तपासणी होत नाही. म्हणजे आपण मानलेली लाजच मटण धोक्याचं करते.

सरकारी योजना आहे, नाही असं नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नर अशा वराहपालन युनिटला 50 टक्के, जास्तीत जास्त 30 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण ज्याच्या दारात चार डुकरं आहेत आणि सातबारा नाही, त्यानं बँकेच्या पायऱ्या कशा चढायच्या? 2019 च्या पशुगणनेत देशात 90.6 लाख डुकरं मोजली गेली, 2012 पेक्षा 12 टक्के कमी. लहान पाळणारा यातून बाहेर फेकला गेला तर चॉप्स राहतील, तो राहणार नाही.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. एक, मोकाट डुकरं आणि मोकाट कुत्री म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. माणिकडोहचं निवारा केंद्र ज्या तालुक्यात आहे तिथं तरी हे समजावून सांगायची गरज नाही. वरून छप्पर असलेला बंदिस्त गोठा डुकराला, मटणाला आणि लेकरांना, तिघांनाही सुरक्षित ठेवतो. दुसरी, रानडुकरांनी पिकाची नासाडी केली म्हणून शेतकरी चिडतो, ते रास्तच आहे. पण वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याची शिकार करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि ते मटण कुणी तपासलेलं नसतं. पार्टीच्या नादात पोरांनी केस अंगावर घेऊ नये.

माझं मागणं साधं आहे. मोठ्या बाजाराच्या गावांत पाणी, ओटा आणि गटार असलेली कापणीची एक स्वच्छ जागा करा आणि ठरलेल्या दिवशी तिथं पशुवैद्यक येऊ द्या. दिवसाला दहापर्यंत लहान जनावरं कापणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्यात परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय आहे, ती करून द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डुकरांना जंताचं औषध आणि लस मिळू द्या. या जंतावरची डुकरांची लस हैदराबादच्या कंपनीत बनते, परदेशातून आणायची नाही. आणि सर्वात आधी संडास. वस्तीवर तर हवेतच, पण दरसाल कारखान्यांच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या खोप्यांजवळही हवेत. चार-पाच महिने बायाबापड्यांना बिबट्याच्या उसात अंधारात बसायला लावायचं आणि मग रोग कुठून आला विचारायचं, हे बरं नाही.

येत्या ग्रामसभेत कुणीतरी हा विषय मांडा. हसतील, हसू द्या. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला सोबत न्या आणि त्यालाच आधी बोलू द्या, कारण त्याला यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि तोवर चॉप्स करणार असाल तर 71 अंश. रंगावर जाऊ नका.

पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर कारण लिहा, पण खाण्यावरून कुणाची जात काढू नका, अशी कमेंट मी ठेवणार नाही.