आधी फॉर्म, मग ब्लँकेट

गेल्या आठवड्यात एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी ब्लँकेटवाटपाला गेलो होतो. गेलो म्हणजे नेलं. गाडीत जागा होती आणि "तुम्ही लिहिता, दोन ओळी लिहा" असा आग्रह होता. त्या या दोन ओळी.

संस्थेचं नाव लिहीत नाही, ते फ्लेक्सवर होतंच.  एवढंच सांगतो की तो फ्लेक्स गावातल्या कोणत्याही घराच्या कुडापेक्षा मोठा होता. नाताळ तोंडावर, त्यामुळे मजकुरात प्रभूचं प्रेम होतं. पण प्रेमाच्या आधी फॉर्म होता. नाव, गाव, आधारची झेरॉक्स, अंगठा. झेरॉक्स नाही म्हणून तीन म्हाताऱ्या परत गेल्या. चौथीला ब्लँकेट मिळालं, पण तिनं ते उलटं धरलं. लोगो दिसेना, म्हणून फोटो पुन्हा काढला.

परतताना मला अलेक्स वुड आठवत राहिला.

वुड हा स्कॉटिश मिशनरी, आपल्या चांद्याचाच म्हणायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याचं काम इथं होतं. चांद्यावर त्यानं पुस्तकही लिहिलं. स्कॉटलंड सोडून माणूस या उन्हात, या तापात येऊन राहतो, त्याच्या श्रद्धेवर शंका घ्यायची माझी लायकी नाही. पुढं तो नागपूरचा बिशप झाला. आणि 1932च्या सुमारास त्याच्या दारात व्हेरियर एल्विन आला.

एल्विन ऑक्सफर्डचा, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिलेला, गांधींच्या नादी लागलेला. त्याला गोंडांत जाऊन राहायचं होतं. बाप्तिस्मे द्यायचे नव्हते, नुसतं राहायचं होतं. वुडनं सांगितलं, आधी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घे, मग परवाना. एल्विननं शपथ घेतली नाही, वुडनं परवाना दिला नाही.

ज्यानं स्वतः चांद्याची धूळ खाल्ली होती, त्याला कागदच आधी का हवा होता? मला वाटतं, खुर्ची. पुरावा नाही माझ्याकडे, पण खुर्चीत बसल्यावर माणसाला फॉर्म सुचतो हे मी जिल्हा परिषदेतही पाहिलं आहे.

तर एल्विन परवान्याशिवायच गेला, मंडल्याकडच्या करंजियाला. सोबत शामराव हिवाळे. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा. एल्विनची पुस्तकं जगभर गेली, त्याला 1965चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, त्याच्यावर चरित्रं निघाली. रोज सकाळी दारात बसलेल्या माणसांच्या जखमा बघणं, कुष्ठरोग्यांचं घर चालवणं, कोर्टकचेरीत गोंडांच्या बाजूनं उभं राहणं, यात शामरावचा जन्म गेला. गावकरी एल्विनला बडा भाई म्हणत आणि याला छोटा भाई. एल्विननं 1935 साली चर्च सोडलं आणि पुढं तो ईशान्येकडे गेला. छोटा भाई गोंडांतच राहिला. त्याच्यापुढं कुणी शपथेचा कागद धरला नाही, आणि धरला असता तर त्याचे हात बहुधा औषधानं बरबटलेले निघाले असते.

आता गंमत बघा. "बाप्तिस्मे किती दिले?" हा तेव्हा मिशनऱ्यांना त्यांच्याच मुख्य कचेरीतून येणारा प्रश्न. आज तोच प्रश्न धर्मांतराच्या नावानं मिशनऱ्यांचा हिशेब मागणारे विचारतात. दोघांचा रकाना एकच, बेरीज तेवढी एकाला आनंदाची आणि दुसऱ्याला रागाची. जखमा किती भरल्या, हा रकाना दोघांच्याही वहीत नाही.

ब्लँकेटवाल्या गाडीनं मला वाटेत उतरवलं. ओळखीच्या एका सिस्टरच्या दवाखान्यात मुक्काम होता. केरळच्या सिस्टर आपल्याकडे नव्या नाहीत. 1962 साली सिरो-मलबार चर्चनं हा भाग आपल्याकडे घेतला तेव्हापासून त्या येताहेत. बिशपांचं ठाणं बल्लारपूरला, धर्मप्रांताचं नाव मात्र अजून चांदाच. जिल्ह्याची दोन शकलं झाली तरी त्यांनी नाव बदललं नाही, याबद्दल माझा त्यांच्यावर जीव आहे.

सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. समोर माडिया आजी, पाय कुष्ठरोगानं बधिर झालेले. गंजात कोमट पाणी. सिस्टरनं आधी स्वतःचं कोपर पाण्यात बुडवलं, थोडं थांबल्या, गार पाण्याचा तांब्या ओतला, पुन्हा कोपर बुडवलं. आजीला चटका कळत नाही, पाय भाजला तरी ती हसतच बसेल. मग पाय अर्धा तास पाण्यात. टाचेचं निबर कातडं हलक्या हातानं घासून काढलं, भेगांत तेल भरलं. तोवर माडियात गप्पा. सिस्टरचं माडिया बरंच मोडकं असावं, कारण आजी दर दोन वाक्यांनी त्यांना दुरुस्त करत होती आणि त्यात तिला फार मजा येत होती.

आमच्या ओळखीचे एक फादर थट्टेनं म्हणतात की पवित्र गुरुवारी चर्चमध्ये ज्या बारा जणांचे पाय धुतात, ते घरून साबण लावून आलेले असतात. या आजीचे पाय घरून धुऊन आलेले नव्हते.

कागदावर एवढा राग काढल्यावर खरं ते सांगायला हवं. सिस्टरकडेही वही होती. पाय पुसून झाल्यावर त्यांनी ती उघडली. नाव, गाव, जखम कोणत्या बोटाला, मागच्या वेळी केवढी, आज केवढी. शेवटच्या रकान्यात पुढची तारीख लिहायची होती. आजीला तारीख कळत नाही. तिथं सिस्टरनं लिहिलं होतं, "बाजाराच्या दिवशी, मीठ घेऊन झाल्यावर."