विक्रम मोडतो तेव्हा

आपल्या सानपाड्याहून लोकलने जुईनगर ओलांडले की नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. त्या रात्रीचे फटाके आणि गर्दी पुष्कळांच्या लक्षात असेल. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. संघाने चषक उचलला आणि मैदानावरच असलेल्या मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हातात दिला. झुलन यांना अश्रू आवरले नाहीत.

त्याच सामन्यात सांगलीच्या स्मृती मानधनाने मितालीचा एक विक्रम मोडला होता. एका विश्वचषकात भारतीय महिलेने केलेल्या सर्वाधिक धावा २०१७ पासून मितालीच्या नावावर होत्या, ४०९. स्मृतीने ४३४ केल्या. २०१७ चा अंतिम सामना मितालीच्या संघाने लॉर्ड्सवर अवघ्या ९ धावांनी गमावला होता. म्हणजे ज्या मुलींनी मितालीला न मिळालेला चषक मिळवला, त्यांतल्याच एकीने तिचा आकडाही मागे टाकला. तरी मिताली त्यांच्या आनंदात मनापासून सामील होती.

वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. खेळाडू पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. शरीर थकते, नवे चेहरे येतात, लोक विसरू लागतात. उरतो तो कागदावरचा आकडा. तोही कुणी पुसला तर मनाला चरका बसणारच. मिल्खा सिंग यांचेच पाहा. रोम ऑलिंपिकमधला, १९६० सालचा त्यांचा ४०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम सुमारे ३८ वर्षे टिकला. तो मोडणाऱ्याला दोन लाख रुपये देण्याचे त्यांनी जाहीर केले होते. १९९८ मध्ये परमजीत सिंग यांनी कोलकात्यात तो मोडला, तेव्हा मात्र विक्रम परदेशातल्या स्पर्धेत मोडायला हवा होता, असे म्हणत मिल्खांनी बक्षीस नाकारले. त्यांना नावे ठेवायची आपली पात्रता नाही. फाळणीत घरची माणसे गमावलेल्या त्या अनाथ पोराने आयुष्यभर जे कमावले, ते त्या एका आकड्यात होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९८७ मध्ये शाळकरी सचिनला सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार मिळाला नाही. तो हिरमुसला. तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला पत्र पाठवून धीर दिला. पूर्वी आणखी एकाला हा पुरस्कार मिळाला नव्हता आणि त्याचे कसोटीत काही वाईट झाले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तो 'आणखी एक' म्हणजे स्वतः गावसकर! अठरा वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, सचिनने दिल्लीत ३५ वे कसोटी शतक ठोकून गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मोडला. ज्याला उभारी दिली, तोच पुढे गेला.

सचिननेही तीच रीत पाळली. त्याचे विक्रम कोण मोडेल, असे २०१२ मध्ये एका समारंभात सलमान खानने विचारले. सचिनने तिथेच बसलेल्या विराट आणि रोहितची नावे घेतली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विराटने पन्नासावे एकदिवसीय शतक करून सचिनच्या ४९ शतकांना मागे टाकले. विराटने मैदानातूनच झुकून सलाम केला आणि सचिन उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पण सचिनकडे आकड्यांची कमी नव्हती, असे कुणी म्हणेल. मग अमोल मुजुमदार यांच्याकडे बघावे. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, ३० शतके आणि भारताकडून एकही सामना नाही. त्यांच्याकडे होते ते देशांतर्गत विक्रमच. रणजीतल्या सर्वाधिक धावांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा वसीम जाफर त्यांच्या पुढे गेला आणि रणजीत १२,०३८ धावा करून थांबला. पदार्पणातल्या २६० धावांचा मुजुमदारांचा जागतिक विक्रम २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ करून मोडला, आणि २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने ३४१ धावा करून तोही मागे टाकला. हेच मुजुमदार नेरूळच्या त्या रात्री भारतीय मुलींचे मुख्य प्रशिक्षक होते. स्वतःला कधी न मिळालेली भारताची जर्सी ज्यांच्या अंगावर होती, त्यांना त्यांनी विश्वविजेते केले.

हे सगळे मैदानापुरते नाही. प्रत्येक घरात कुणाचा ना कुणाचा विक्रम असतो. कुणी खानदानातला पहिला मॅट्रिक, कुणी गावातून मुंबईला येऊन पहिली खोली घेणारा, कुणाच्या हातच्या बिर्याणीला तोड नाही. मग मुलगी पदवीधर होते, मुलगा पहिल्याच पगारात अब्बांच्या शेवटच्या पगाराला मागे टाकतो, सून सासूपेक्षा सरस बिर्याणी करते. अशा वेळी तोंडातून पटकन निघते, 'आमच्या काळी एवढ्या सोयी कुठे होत्या?' बोलणे खरे असते. मितालीच्या पिढीलाही आजच्या सोयी नव्हत्याच. पण आनंदाच्या घडीला तेच वाक्य पोरांच्या काळजात काट्यासारखे रुतते.

दुसऱ्याचे चांगले पाहून 'माशाअल्लाह' म्हणायची आपल्याकडे सवय आहे. परक्याच्या बाबतीत ती लगेच आठवते. आपल्याच मुलाने आपल्याला मागे टाकले तर कधी कधी जीभ अडखळते. हसद फक्त शेजाऱ्याशीच होते असे नाही.

लहानांचेही एक कर्तव्य आहे. चषक पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायचा, हे नेरूळच्या मुलींना कळत होते. पहिला पगार, पदवीचा कागद, नव्या घराची किल्ली अम्मी-अब्बांच्या हातात ठेवली तर त्यांचा विक्रम मोडला जात नाही, पुढे नेला जातो. आणि मोठ्यांनी तेव्हा फक्त एवढे म्हणावे, 'शाबास बेटा, अजून पुढे जा.'