आधी खूण, मग नाव

आजचा लेख माडापासून सुरू होऊन विमानापर्यंत जाणार आहे. वाट थोडी वाकडी आहे, पण चुकणार नाही.

पावसाळा सरता सरता रेवदंड्याकडच्या एका वाडीतून मला फोन आला. "साहेब, दोन माडांचे शेंडे मलूल दिसतात. काय करू?" फोन करणारे जुन्या ओळखीचे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. मी कामाच्या गडबडीत होतो. बसल्या जागेवरून सांगून टाकले, "गेंड्या भुंगा असेल. आकडी घालून शेंड्यातला किडा काढा आणि शेणखताचा खड्डा उपसा." नानांनी तसे केले. दोन आठवड्यांनी मी वाडीत गेलो, तेव्हा खोडाला भोके पडली होती आणि त्यातून तांबूस चिकट रस गळत होता. तो गेंड्या नव्हता, सोंड्या होता. गेंड्या कोवळा कोंब कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. सोंड्याची अळी खोडाच्या आत राहून गाभा पोखरते. दोघांचे उपाय वेगळे. दोन्ही माड गेले. चूक नानांची नव्हती, माझी होती. खूण पाहण्याआधी मी नाव घेतले होते.

मी ओशाळून पडवीत बसलो होतो. नानांचा नातू, इयत्ता आठवी, अंगणात मान वर करून उभा होता. वरून एक विमान गेले. त्याने वहीत काहीतरी लिहिले. मी वही मागितली. प्रत्येक पानावर रकाने आखलेले: तारीख, वेळ, दिशा, पंख, इंजिन, धड, शेपटी. सर्वांत शेवटचा रकाना नावाचा. कितीतरी ओळींत तो रकाना कोराच होता.

"हे कोरे का रे?" मी विचारले.

"ओळख पटली नाही, काका. अंदाजाने नाव लिहिलं तर पुढचं सगळं चुकतं."

दोन माड गमावून बसलेल्या माणसाला हे उत्तर लागल्याशिवाय कसे राहील?

विमाने ओळखणारे शौकीन जगभर याच क्रमाने पाहतात. पंख धडाच्या वर आहेत की खाली, सरळ की मागे झुकलेले? इंजिने किती आणि कुठे? धड कसे? शेपटीचे पाते कुठे? नाव नंतर. आपण पिकावरची कीड ओळखतो, त्याहून हे निराळे नाही.

मग नानांनी आतून एक जुना फोटो आणला. नाना मुंबईला गोदीत नोकरीला होते. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जात. फोटोत विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर नाना, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ आणि मागे एक विमान. भाऊ आता हयात नाही. फोटोच्या पाठीवर कोणीतरी 'सी हॅरियर, १९८६' असे लिहिलेले. याच फोटोवरून घरात जुनी कुरबूर होती. धाकट्याचे लग्न १९८४ चे. "मला घरी ठेवून हे दोघे जहाज बघून आले," असे त्याची बायको वर्षानुवर्षे म्हणत असे.

नातवाने फोटो उजेडात धरला. विमानाचे दोन्ही पंख मिटून वर उभे केलेले होते. "सी हॅरियरचे पंख मिटत नाहीत, काका. आलिझेचे मिटतात, पण त्याच्या नाकावर पंखा असतो. इथे पंखा नाही. म्हणजे हे सी हॉक."

विक्रांत नौदलात आले ४ मार्च १९६१ ला. त्यावर पंखांची लढाऊ विमाने मुख्यतः तीन जातींची होती: सी हॉक, पाणबुड्या शोधणारे आलिझे आणि नंतर सी हॅरियर. सी हॅरियर विक्रांतवर आले डिसेंबर १९८३ मध्ये आणि त्याच वर्षी सी हॉक निवृत्त झाले. म्हणजे फोटो १९८४ च्या लग्नाआधीचा! नानांनी वहिनीला हाक मारली. ती माऊली फोटो हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उगाच बोलले मी त्यांना इतकी वर्षं." विक्रांत १९९७ ला निवृत्त झाले आणि २०१४ ला मोडीत निघाले. पण एका मिटलेल्या पंखाने एका घराचा हिशेब चुकता केला.

नावावर जाऊ नये, याचा एक दाखला आपल्या शेतीखात्यातलाही आहे. बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्याने एक विमान बनवले, ते १९५९ मध्ये प्रथम उडाले. नाव 'कृषक'. नाव ऐकून वाटेल, हे फवारणीचे विमान. पण ते गेले सैन्यात, टेहळणीला. शेतीसाठी खास बनलेले विमान निराळेच. त्याचे नाव 'बसंत'. १९७२ मध्ये उडालेले, ४०० अश्वशक्तीचे. पंख खाली, आणि वैमानिकाला पिकावरून नीट दिसावे म्हणून बसण्याची जागा उंच. रूप पाहिले की काम कळते, नुसत्या नावाने कळत नाही.

निघताना नानांनी नातवाला डिवचले, "आपल्या तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, ते लिहिलंस का?"

पोर म्हणाले, "ओळ आखलीये, आजोबा. पण फोटो नाही, मोजमाप नाही. कोरी ठेवलीये."

ही गोष्ट मीही एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात छाती फुगवून सांगितली होती. शिवकर बापूजी तळपदे हे खरे गृहस्थ, मुंबईचे. त्यांचा ध्यासही खरा. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार देतात, तो बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे, पण त्याचा फोटो आहे. अभिमान असावा, पण अभिमानाने कोरा रकाना भरू नये.

आता नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. मुले माना वर करणारच. त्यांना रागावू नका, एक वही द्या. गोव्याला जाणे झाले तर बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय दाखवा. तिथे सी हॉक, आलिझे आणि तीन शेपट्यांचे भले मोठे सुपर कॉन्स्टलेशन जवळून पाहता येते.

आणि माझ्यासाठी एक करा. माडाचा शेंडा मलूल दिसला तर फोनवर मला नाव विचारू नका. आधी खोडाला भोक आहे का, रस गळतो का, झावळी कशी कापली आहे, ते पाहून सांगा. मीही आता नाव घ्यायची घाई करणार नाही. नानांच्या वाडीत त्या दोन माडांच्या जागी नवी रोपे लावायची आहेत. ती मी स्वतः नेऊन देणार आहे.