पूर पावसाचा, संकट आपले

25 जुलै 2024 रोजी पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. खडकवासला धरणातून मुठा नदीत 35 हजार क्युसेकहून अधिक विसर्ग सुरू होता. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की जेमतेम दोन टीएमसीचे हे धरण झपाट्याने भरते आणि पाणी सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. इथवर दोष निसर्गाचा. पुढचा आपला. पात्रात टाकलेला राडारोडा, अरुंद केलेले काठ, निळ्या पूररेषेत उभी राहिलेली बांधकामे यांमुळे तेवढेच पाणी अधिक उंच चढते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्याच आंबिल ओढ्याच्या पुराने जीव घेतले, तेव्हा तर धरणाचाही संबंध नव्हता. वळवलेले, आवळलेले ओढे आणि पाणी मुरू न देणारे काँक्रीट पुरेसे ठरले. 12 जुलै 1961 चा पानशेत धरणफुटीचा प्रलय सोसलेल्या शहराला नव्या धड्याची गरज नसावी. महापालिकेने नदीकाठ सजवण्याआधी पूररेषा प्रत्यक्ष जागेवर आखावी, राडारोडा उचलावा, ओढे मोकळे करावेत. जलसंपदा विभागानेही विसर्गाचा इशारा काठावरच्या प्रत्येक वस्तीत वेळेत पोहोचवावा. पाऊस रोखता येत नाही. पूररेषेतील परवानग्या मात्र नक्कीच रोखता येतात.