तोफांच्या रेंजवरचा माळढोक

आमच्या बेळगावात गल्लीआड एक फौजी सापडतो. आमच्या घरात तो मामा. तोफखान्यात होता. पोखरण म्हटलं की त्याच्याकडून वाळू, ऊन आणि फायरिंग एवढंच ऐकलेलं. गेल्या नाताळात मात्र सहज म्हणाला, "रेंजवर गोडावण दिसायचा. उभा राहिला की कमरेपर्यंत येईल एवढा!"

गोडावण म्हणजे आपला माळढोक. आता जेमतेम दीडशे उरलेत, बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात, आणि त्यातले बरेच या फायरिंग रेंजच्या आसऱ्याला. मला आधी पटेचना. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणारा पक्षी तोफांच्या धडाक्यात टिकतो कसा? टिकतो, कारण रेंजवर नांगर फिरत नाही, विजेच्या तारांचं जाळं नाही. माळढोकाची नजर बाजूंना चांगली, समोर अधू. दहा-पंधरा किलोचं धूड, तार दिसेपर्यंत वळायला उशीर झालेला असतो. तोफ काही दिवस धडाडते आणि थांबते. तार रात्रंदिवस तिथेच.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून समिती नेमली. सौरऊर्जाही हवीच ना, हे मलाही कळतं. पण सोलरवाल्यांना तिथली जमीन मिळते ती 'पडीक' म्हणून. भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला हा शब्दच टोचतो. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, त्याचा माळ पडीक कसा?

मग लष्कराची आरती ओवाळायची का? मुळीच नाही. पक्षी वाचतोय तो योगायोगाने. शिवाय १९९८ च्या अणुचाचण्यांनी शेजारच्या खेतोलाई गावात घरांना तडे गेले, तेही याच रेंजच्या हिशेबात धरायला हवं. माझं म्हणणं एवढंच की विणीच्या दिवसांत कुठे फायरिंग करायचं नाही, हे वनखात्याने आणि लष्कराने दरवर्षी बसून कागदावर ठरवावं. कमांडरसाहेबांच्या मर्जीवर सोडू नये.

नुसत्या अभयारण्याच्या पाटीनेही भागत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तिथे तोफ नाही, आणि आता माळढोकही जवळपास नाही.

मामाला विचारलं, "समोर अंडं दिसलं असतं तर तोफ हलवली असतीस?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसा हुकूम असता, तर हलवली असती."