न जुळणारं हाड आणि आपलीच मज्जा

सेनगाव तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी, पुण्या-मुंबईत बांधकामावर राबणारी माणसं आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. ट्रॅक्टर उलटतो, परांची कोसळते, मोटारसायकल घसरते आणि नडगी मोडते. नडगीवर पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नसतंच, रक्तपुरवठाही कमी; त्यामुळे ती सावकाश जुळते आणि काहींची जुळतच नाही. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रे जसाच्या तसा राहिला, तर डॉक्टर हाड जुळलं नाही असं समजतात. घरात त्यालाच नशीब म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. तोवर मुकादमाची उचल मात्र अंगावर तशीच असते.

अशा हाडासाठी रुग्णाचीच अस्थिमज्जा वापरता येते. कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढतात, यंत्रात फिरवून तिच्यातल्या पेशी दाट करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत मोडल्या जागी सोडतात. पेशी स्वतःच्याच, म्हणून शरीर त्या नाकारत नाही. फ्रान्सचे डॉ. फिलिप हर्निगू यांनी २००५ साली न जुळलेल्या नडगीचे ६० रुग्ण नोंदवले. ५३ जणांचं हाड जुळलं. उरलेल्या सात जणांना मिळालेल्या पेशीच कमी होत्या. म्हणजे नुसती सुई टोचून भागत नाही, पेशी किती गेल्या हे मोजावं लागतं. शिवाय यातल्या कुणाच्याही हाडात पू नव्हता, आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. पुरावा चांगला आहे, पण शेवटचा नाही.

म्हणूनच ‘स्टेम सेल’च्या पाट्या लावून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं आम्ही म्हणतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांत रक्ताचे काही आजार सोडले तर मूळपेशींचा वापर संशोधनाच्या चौकटीतच करावा असं आहे. अशा संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. शेत विकायच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा: हाड का जुळलं नाही? आत पू आहे, रॉड हलतो आहे, साखर वाढलेली आहे की विडी सुटलेली नाही? हलणाऱ्या हाडाला मज्जा धरून ठेवत नाही. आणि कमरेचं हाड काढून तिथे बसवण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही भरवशाची आहे, जागा मात्र ठणकते, काहींना बरेच महिने.

आमची तक्रार वेगळी आहे. सुई, फिरवायचं यंत्र आणि एक्स-रेचा पडदा, यात पंचतारांकित असं काय आहे? नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी रीतसर संशोधन म्हणून हे व्हायला हवं, आणि तालुक्याच्या दवाखान्याने अशा रुग्णाला वर्षभर प्लास्टरमध्ये न ठेवता वेळीच तिकडे पाठवायला हवं.

जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे न्या, रेशनकार्ड आणि आधारकार्डही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.